ख्रिस्ती कादंबऱ्यांचं कपाट आणि आपल्या धर्मकथा



"काकू, सकाळी तुम्ही स्वाध्यायाला येता आणि दुपारी त्या ख्रिश्चन कादंबऱ्या कशा काय वाचता?" हा प्रश्न मला मंदिरात दोन-तीन जणींनी विचारला आहे. रागानं नाही, कुतूहलानंच. पण दर्शन घेऊन निघताना, चपला घालता घालता उत्तर देण्यासारखा हा विषय नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

लेकीकडे अमेरिकेत गेले की तिथल्या वाचनालयात माझा मुक्काम असतो. तिथं 'ख्रिश्चन फिक्शन' असं लिहिलेलं वेगळं कपाट असतं. त्यात दोन प्रकार जास्त. एक रहस्याचा: खून, अपहरण, पाठलाग. दुसरा जुन्या काळातल्या प्रेमकथांचा: घोडागाड्या, माळरान, एकटी पडलेली बाई. दोन्हींत शिवीगाळ नाही, नको ती वर्णनं नाहीत. शेवटी गुन्हेगार सापडतो, लग्न ठरतं आणि त्याआधी नायक किंवा नायिका देवाकडे वळते. हे शेवटचं कलम ठरलेलंच. बायबलमध्ये श्रद्धावानानं अश्रद्धाशी जोडी बांधू नये असं सांगितलं आहे. त्यामुळे नायक कितीही देखणा असला तरी त्याची श्रद्धा जागी होईपर्यंत लग्न लागत नाही!

हे कपाट आलं कुठून, याचा शोध घेत गेले आणि एक मजेदार गोष्ट कळली. ज्या भाविक घरांत या कादंबऱ्या आज वाचल्या जातात, त्याच घरांत एकेकाळी कादंबरी वाचणं पाप मानलं जायचं. मेथडिस्ट पंथाच्या १७४३ सालच्या नियमांत, देवाचं ज्ञान किंवा प्रेम वाढवत नाहीत अशी पुस्तकं वाचू नयेत, असं स्पष्ट कलम आहे. वाचताना मला हसू आलं, कारण आपल्याकडेही चार विकथा सांगितल्याच आहेत: स्त्रीकथा, भोजनकथा, देशकथा आणि राजकथा. धर्मापासून मन दूर नेणाऱ्या गप्पा त्या विकथा. कादंबरीत तर बहुतेक वेळा चारही एकत्र असतात.

मग वाट कशी निघाली? आधी रूपककथेतून. जॉन बन्यन हा इंग्लंडमधला भांडी दुरुस्त करणारा माणूस. परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बारा वर्षं बेडफर्डच्या तुरुंगात होता. त्याचं 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' १६७८ साली छापलं गेलं. ख्रिश्चन नावाचा प्रवासी पाठीवर पापाचं ओझं घेऊन निघतो आणि दलदल, राक्षस, बाजार असं सगळं पार करत दिव्य नगरीला पोचतो. हे पुस्तक आपल्या मराठीत फार लवकर आलं. हरी केशवजी यांनी १८४१ मध्ये 'यात्रिक क्रमण' नावानं त्याचं भाषांतर केलं.

पुढे १८५७ साली बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून अनेकजण हिचंच नाव घेतात. बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले होते. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या ऐकते. केशवपन, उपासमार, घरातल्याच माणसांचा जाच. मग तिचा स्वतःचा नवरा जातो. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झाला होता. म्हणजे मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरीच मुळी ख्रिस्ती कादंबरी आहे, आणि तीही बायकांच्या दुःखाची. मग मी परकं काय वाचते?

आता अमेरिकेकडे वळू. तिथं वाट काढली ती बायकांनी, आणि मी कॉमर्सची असल्यामुळे मला त्यातला हिशोब आधी दिसतो. १८३७ च्या आर्थिक मंदीत सुझन वॉर्नरच्या वडिलांचा पैसा बुडाला. न्यूयॉर्कमधलं घर सोडून कुटुंब हडसन नदीतल्या एका बेटावर राहायला गेलं. सुझननं घर चालावं म्हणून 'द वाइड, वाइड वर्ल्ड' ही कादंबरी लिहिली. आईवेगळ्या होणाऱ्या एका मुलीची आणि तिच्या श्रद्धेची ती गोष्ट. प्रकाशक पुटनम यांना खात्री नव्हती, पण त्यांच्या आईनं हस्तलिखित वाचलं आणि हे छापच म्हणून सांगितलं. १८५० च्या अखेरीस छापलेलं ते पुस्तक तुफान खपलं. पुरुष प्रकाशकाला जे कळलं नाही ते घरातल्या म्हातारीला कळलं, हे मला फार आवडतं.

ग्रेस लिव्हिंगस्टन हिलची कथा तशीच. १८९९ मध्ये तिचे पाद्री असलेले पती वारले. पदरात दोन लहान मुली. लेखणी हेच पोटाचं साधन. १९४७ मध्ये ती गेली तोवर तिची शंभराहून अधिक पुस्तकं झाली होती. साधी प्रेमकथा, संकट, प्रार्थना आणि गोड शेवट हा साचा तिनं पक्का केला. आजची निम्मी लेखिकामंडळी तिच्याच वाटेनं चालतात.

पुरुषांनी लिहिलं ते भव्य. लू वॉलेस हा अमेरिकेच्या यादवी युद्धातला सेनापती. १८७६ मध्ये आगगाडीत रॉबर्ट इंगरसॉल या प्रसिद्ध नास्तिकाशी त्याची गाठ पडली. त्याचं बोलणं ऐकताना वॉलेसला जाणवलं की आपल्याला स्वतःच्या धर्माबद्दल काहीच माहीत नाही. त्या अस्वस्थतेतून अभ्यास झाला आणि १८८० मध्ये 'बेन हर' आली. मित्राचा विश्वासघात, गुलामी, रथांची शर्यत, सूड आणि शेवटी सुडाचा त्याग. इतिहास आणि रहस्य दोन्ही तिच्यात आहेत. आपल्यापैकी अनेकींनी १९५९ चा सिनेमा पाहिला असेल, त्याला ११ ऑस्कर मिळाले. पोलंडच्या सिएन्केविचची 'क्वो वादिस' १८९६ ची. नीरोच्या रोममधला एक सरदार आणि एक ख्रिस्ती मुलगी यांची ती प्रेमकथा.

१८९० च्या दशकातली आणखी एक गोष्ट हिशोबाच्या वहीत लिहून ठेवावी अशी आहे. कॅन्ससमधल्या टोपेका गावचे पाद्री चार्ल्स शेल्डन रविवारी संध्याकाळी चर्चमध्ये कादंबरीचं एकेक प्रकरण वाचून दाखवत. 'इन हिज स्टेप्स' हे ते पुस्तक. प्रत्येक काम करण्याआधी, येशूनं इथं काय केलं असतं, असं स्वतःला विचारायचं, एवढाच विषय. पण कॉपीराइटच्या नोंदीत त्रुटी राहिली. वाटेल त्या प्रकाशकानं ते छापलं. प्रती अमाप खपल्या आणि लेखकाच्या पदरात फारसं काही पडलं नाही.

आजच्या कपाटाची सुरुवात मात्र १९७९ पासून धरतात. कॅनडातल्या जॅनेट ओक या गृहिणीची 'लव्ह कम्स सॉफ्टली' त्या साली बेथनी हाउसनं काढली. मार्टी नवऱ्याबरोबर पश्चिमेकडे निघालेली असते. वाटेत नवरा अपघातात जातो. ती गरोदर, हिवाळा तोंडावर. ज्या दिवशी त्याला पुरतात त्याच दिवशी क्लार्क नावाचा विधुर तिला लग्नाचं विचारतो, तेही केवळ नावापुरतं. त्याला छोट्या मुलीसाठी आई हवी असते. वसंतात परत जावंसं वाटलं तर भाडं मी देईन, असं तो सांगतो. पुढचं सगळं पुस्तक स्वयंपाक, कोंबड्या, धुणं आणि हळूहळू लागणारा जीव यांचं आहे. यात खलनायक नाही, तरी हातातून सुटत नाही. घरकाम हेच कथानक होऊ शकतं, हे मला तिथं पहिल्यांदा दिसलं.

मग बाकीचे प्रकार आले. फ्रँक पेरेटीनं १९८६ मध्ये देवदूत आणि सैतान यांच्या लढाईची थरारक कादंबरी लिहिली. १९९५ मध्ये 'लेफ्ट बिहाइंड' मालिका सुरू झाली आणि तिच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. टेरी ब्लॅकस्टॉक आणि फ्रान्सिन रिव्हर्स दोघी आधी साध्या प्रेमकादंबऱ्या लिहीत. श्रद्धेकडे वळल्यावर त्यांनी तो चालता धंदा सोडला. ब्लॅकस्टॉक रहस्यकथांकडे गेली, तर रिव्हर्सनं १९९१ मध्ये 'रिडीमिंग लव्ह' लिहिली. बायबलमधल्या होशेयाची कथा तिनं १८५० च्या कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या काळात नेली. लहानपणी विकली गेलेली, वेश्याव्यवसायात ढकललेली मुलगी आणि ती पुन्हा पुन्हा पळून गेली तरी तिला स्वीकारणारा शेतकरी. डी हेंडरसनच्या मालिकेत सात अनाथ मुलं एकमेकांना भावंडं मानून एकच आडनाव घेतात आणि मोठेपणी पोलीस, वैद्यकीय अशा संकटाच्या कामांत शिरतात.

पैसा दिसला की मोठे व्यापारी येतातच. हार्लेक्विन कंपनीनं १९९७ मध्ये 'लव्ह इन्स्पायर्ड' ही धार्मिक प्रेमकथांची मालिका काढली आणि २००५ मध्ये तिची रहस्यमालिका. झोंडरव्हन आणि थॉमस नेल्सन ही जुनी ख्रिस्ती प्रकाशनं आज हार्परकॉलिन्सच्या खात्यावर आहेत. श्रद्धेचं पुस्तक आणि नफ्याचा ताळेबंद एकाच टेबलावर, हे मला थोडं खटकतं. पण आपल्याकडे तरी पूजेच्या पुस्तकावर किंमत छापलेली नसते का?

आता आपल्या घरात येते. 'तरंगवती' कितीजणींना माहीत आहे? पादलिप्तसूरींची ही प्राकृत कथा. मूळ ग्रंथ हरवला, संक्षेप उरला. एक साध्वी भिक्षेला येते. तिचं रूप पाहून घरची बाई तिला तिची कहाणी विचारते. मागच्या जन्मी ती चक्रवाकी असते. शिकाऱ्याच्या बाणानं जोडीदार मरतो आणि तीही त्याच्या चितेत उडी घेते. या जन्मी ती त्या प्रसंगांची चित्रं काढून उत्सवात मांडते. ती पाहून एका तरुणाला पूर्वजन्म आठवतो. दोघं पळून जातात, चोरांच्या हाती सापडतात, देवीपुढे बळी द्यायची वेळ येते, सुटका होते, लग्न होतं. शेवटी एक मुनी भेटतात आणि दोघंही दीक्षा घेतात. अपहरण आहे, प्रेम आहे, इतिहास आहे. एर्न्स्ट लॉयमान यांनी १९२१ मध्ये हिचं जर्मन भाषांतर केलं. उद्योतनसूरींची 'कुवलयमाला' इसवी सन ७७९ ची, आणि बन्यनच्या पुस्तकासारखीच रूपककथा असलेली सिद्धर्षींची 'उपमितिभवप्रपंचा कथा' ९०६ ची, बन्यनच्या साडेसातशेहून अधिक वर्षं आधीची. विकथा टाळा म्हणणाऱ्या आचार्यांनीच एवढ्या रसाळ कथा रचल्या. प्रेमकथेच्या गोडीनं श्रोता बसेल आणि मग धर्म ऐकेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

फरक आहे, आणि तो मी पुसत नाही. त्यांची कथा लग्नापाशी थांबते, आपली त्याच्या पुढे जाऊन दीक्षेपाशी. 'रिडीमिंग लव्ह'मध्ये मुलीला प्रेम मिळतं ते कृपा म्हणून, न मागता. आपल्याकडे कुणी दुसरा आपली कर्मं धुऊन देत नाही, निर्जरा ज्याची त्यानंच करायची. तरीही ते पुस्तक वाचताना माझे डोळे भरले. तत्त्व पटलं नाही म्हणून माणसाचं दुःख खोटं ठरत नाही.

आणि 'यमुनापर्यटन' वाचताना मला माझी आत्याआजी आठवली. तेराव्या वर्षी विधवा झाली. घरात ती दिवसभर राबायची, पोथी ऐकायची, पण तिला वाचता येत नव्हतं. पुढे श्राविकाश्रमात राहून ती अक्षरं शिकली. असे आश्रम आपल्या समाजात उभे राहिले ते मगनबाईंसारख्या स्त्रियांमुळे, ज्या स्वतः तरुणपणीच विधवा झाल्या होत्या. पदमनजींचं उत्तर होतं, धर्म बदला. मगनबाईंचं उत्तर होतं, याच धर्मात राहून शिका. माझं मन मगनबाईंकडे आहे. पण प्रश्न आधी पदमनजींनी छापून समोर ठेवला होता, हे विसरून चालणार नाही. तो वाचायला त्रास होतो, म्हणूनच वाचावा.

तर मैत्रिणींनो, माझं उत्तर हे असं. पुस्तक कुठल्या धर्माचं आहे एवढ्यावर ते विकथा ठरत नाही. मिटल्यावर मन शांत झालं की चाळवलं, ते पाहायचं. ज्या पुस्तकानं मन चाळवतं ते मी चाळीस पानांवर ठेवून देते, मग ते कुणाचंही असो.

सुरुवात करायची असेल तर आधी 'तरंगवती' शोधा, मग 'यमुनापर्यटन' आणि इंग्रजी वाचत असाल तर 'लव्ह कम्स सॉफ्टली'. भाषा सोपी आहे, शब्दकोश फारसा लागणार नाही. वाचून झालं की मला नक्की सांगा, मंदिरात चपला घालता घालता सांगितलंत तरी चालेल.