साखळीचा आवाज

आमच्या गावच्या शिवेला लागून वालचंदनगर. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, पाण्यावर ऊस आणि उसावर साखर कारखाना. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांनी १९३०च्या दशकात हा पसारा उभा केला, आणि १९४४ साली त्यांनीच मुंबईत मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. त्यामुळं कुर्ल्याला तयार झालेली फियाट दारात आली तेव्हा आमच्या आळीतले म्हातारे म्हणाले, "ही तर शेटजींचीच गाडी की!"

आण्णांनी ती १९७९ साली उसाच्या बिलातून घेतली. घेतली म्हणजे जुनीच, १९६६ची. अकराशे सीसीच्या आतबाहेरचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला. नवी गाडी त्या काळी पैसे असून मिळत नव्हती. १९५३ साली टॅरिफ कमिशननं सांगितलं होतं की इथं गाडी बनवायची असेल त्यांनी राहावं, नुसती जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. १९२८पासून मुंबईत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स मग निघून गेली. मोटारी करणारे उरले मोजकेच: कलकत्त्याकडं हिंदुस्तान, मुंबईत प्रीमियर, मद्रासला स्टँडर्ड. नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत बसायची. असलेली गाडी जपायची आणि बिघडली की दुरुस्त करायची, एवढंच हातात होतं.

आमची फियाट नावालाच आमची होती. रात्री-अपरात्री कुणाला साप चावला, कुणी बाळंतीण अडली, की दाराची कडी वाजायची. गाडी चालवायचो मी. वय एकोणीस. दर तीन हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं, त्याचे पैसे आण्णा माझ्या हातात मोजून द्यायचे.

१९८५च्या उन्हाळ्यात इंजिनाच्या पुढच्या बाजूनं आवाज यायला लागला. घरघर नव्हे, टकटकही नव्हे. पत्र्याच्या डब्यात कुणी सायकलची साखळी हलवावी तसा. गाडी उभी असताना जास्त, आणि अॅक्सिलरेटर सोडला की आणखी. जवळच्या गावातल्या दोन गॅरेजवाल्यांनी एकच निदान केलं, "इंजिन खोलावं लागंल. बोअर, पिस्टन, सगळंच." खर्चाचा आकडा ऐकून आण्णा ओट्यावर बसले ते दिवे लागेपर्यंत उठले नाहीत. धाकटीला आठवा महिना लागला होता. ती बाळंतपणाला आमच्याकडंच आली होती, आणि बारामतीचा दवाखाना काही चालत जायच्या अंतरावर नव्हता.

"पुण्याला न्यायची," आण्णा म्हणाले. "नाना पेठेत."

पहाटे निघालो. भिगवण, यवत, हडपसर. चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. नाना पेठेत तेव्हाही सुट्या भागांची दुकानं एकाला एक लागून. कुठं दाराबाहेर गॅस्केटांच्या माळा, कुठं जुने डायनामो, कुठं सायलेन्सर. फियाटचं इंजिन वर्षानुवर्षं फारसं बदललं नव्हतं. १९७४ साली तिला पद्मिनी नाव मिळालं तरी आत तीच जात. म्हणून वीस वर्षं जुन्या गाडीचा भागही इथं फडताळावर सापडायचा. नवं मिळत नाही म्हणूनच ही पेठ भरली होती.

गल्लीतल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, पण पाना हातात घेतला नाही. आधी फॅन बेल्ट काढून इंजिन मिनिटभर चालवलं. आवाज तसाच. म्हणजे डायनामो नाही, पाण्याचा पंप नाही. मग एकेका प्लगची वायर काढून बघितली. रॉडचं बेअरिंग गेलेलं असतं तर कुठल्या तरी सिलिंडरला आवाज बदलला असता. बदलला नाही. शेवटी लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि टोक इंजिनावर ठेवत ठेवत पुढच्या कव्हरवर आणलं.

"हिकडं या आण्णा. ऐका."

आण्णांनी ऐकलं. मी ऐकलं. साखळीच!

मग त्यांनी प्लग काढले, डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं आणि पुली हातानं मागंपुढं केली. पुली बरीच फिरायची तरी आतला रोटर जागचा हलायचा नाही. "क्रँक सांगतोय आणि कॅमला ऐकू येत न्हाय," मिस्त्री म्हणाले. "साखळी ढिली. वॉल्व्ह उघडायची येळ चुकतीय. पिस्टनला हात लावायचं कारण न्हाय."

रेडिएटर उतरला, पुली निघाली, कव्हर सुटलं. कव्हराच्या आतल्या अंगाला साखळी घासून चकचकीत चर पडला होता. खालचं चेंबरही काढलं, तर तळाशी बोटभर डांबर. मिस्त्रींनी त्यात बोट घातलं, माझ्याकडं बघितलं. आण्णा तेव्हा नवी साखळी आणायला दुकानात गेले होते.

"ऑइल कधी बदललं हुतं?"

मी बोललो नाही. दोन खेपेचे पैसे मी पुण्या-बारामतीच्या थेटरांत घातले होते.

आण्णा आले. मिस्त्रींनी जुनी साखळी आडवी धरली तर ती धनुष्यासारखी वाकली. नवी सरळ राहिली. "लोखंड ताणत न्हाय," ते म्हणाले, "एकेक खिळी झिजती. केसाएवढी. पण अशा किती खिळ्या!" एवढंच. ऑइलचं नाव काढलं नाही. साखळीबरोबर दोन्ही दातेरी चाकंही बदलली, कारण झिजलेले दाते नव्या साखळीला खातात. कॅमच्या चाकाला क्रँकच्या दुप्पट दाते. क्रँकचे दोन फेरे तेव्हा कॅमचा एक. दोन्ही चाकांवरच्या खुणा समोरासमोर आणून त्यांनी साखळी चढवली, हातानं दोन पूर्ण फेरे दिले, खुणा पुन्हा भेटल्या तेव्हाच कव्हर लावलं.

संध्याकाळी गाडी चालू झाली. एवढी शांत की आण्णांनी वाकून बघितलं, चालू आहे का म्हणून.

यवतला चहाला थांबलो. तिथं मी सांगून टाकलं. आण्णांनी बशीतला चहा संपवला. घर येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, "उद्या धाकटीला न्यायची येळ आली असती आन् साखळी तुटली असती, मंग?"

नऊ दिवसांनी मध्यरात्री तिला घेऊन निघालो. सबंध वाट मी रस्त्यापेक्षा इंजिनच जास्त ऐकत होतो. पहाटे भाचा झाला.

१९८३च्या डिसेंबरात आलेल्या मारुतीनं हळूहळू फियाटची सद्दी संपवली. त्या इंजिनात साखळीच्या जागी पट्टा होता. पट्ट्याला आवाज नसतो. तुटतो तोही न सांगता, म्हणून तो ठरल्या वेळी बदलावाच लागतो. पद्मिनी २०००च्या सुमारास बनायची बंद झाली, आणि २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली.

पुढच्या खेपेला आण्णांनी ऑइलचे पैसे पुन्हा माझ्याच हातात दिले. मोजले मात्र नाहीत. ती वही अजून आहे माझ्याकडं: तारीख, किलोमीटर, ऑइल. एकही खेप चुकलेली नाही.