पाठ फिरवणारं घड्याळ

आमचे अब्बा घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवत. कारण विचारलं की म्हणत, "काच फुटली तर?" १९३० च्या सुमारास हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही हीच काळजी होती. चेंडूचा नाहीतर काठीचा एक फटका, की काचेचा चुरा. घड्याळांचे स्विस व्यापारी सेझार द त्रे इकडे आले असताना एका खेळाडूने फुटकं घड्याळच त्यांच्यापुढे धरलं, अशी हकिकत सांगतात.

द त्रे यांनी ही अडचण कारखानदार जाक-दाव्हिद लकूल्त्र यांच्या कानावर घातली. रने-आल्फ्रेद शोव्हो यांनी रचना केली. ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये पेटंटसाठी अर्ज झाला. घड्याळ चौकोनी. ते चौकटीतच बाजूला सरकवायचं, उलटं करायचं आणि पुन्हा बसवायचं. काच मनगटाकडे, पोलादी पाठ जगाकडे! नाव 'रिव्हर्सो'.

गंमत पुढेच आहे. त्या कोऱ्या पाठीवर लोक आद्याक्षरं, कुलचिन्हं, एखादा लाडका चेहराही उमटवून घेऊ लागले. पुढे सहजासहजी न फुटणाऱ्या काचा आल्या, मूळ गरज सरली, घड्याळ मागे पडलं. मग १९७० च्या दशकात जॉर्जो कोर्व्हो या इटालियन विक्रेत्याने कारखान्यात पडून राहिलेल्या दोनशे रिकाम्या केसेस उचलल्या, त्यांत यंत्रं बसवून घेतली. ती घड्याळं हातोहात खपली. घेणाऱ्यांत पोलो खेळणारा एखादा तरी होता का, मला शंकाच आहे.