इंकजेट प्रिंटरमधील शाईची बचत

इंकजेट प्रिंटरमध्ये शाईचे सूक्ष्म थेंब कागदावर फवारून छपाई केली जाते. घरगुती वापरात या प्रिंटरच्या किमतीपेक्षा शाईवरील खर्च कालांतराने अधिक होऊ शकतो. हा खर्च प्रतिपान मोजतात. कार्ट्रिजच्या किमतीला त्यातून मिळणाऱ्या पानांच्या संख्येने भागले असता तो मिळतो.

पार्श्वभूमी

ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने १९८४ मध्ये थिंकजेट आणि १९८८ मध्ये डेस्कजेट हे प्रिंटर बाजारात आणले. पुढे अनेक उत्पादकांनी यंत्र कमी किमतीत विकून कार्ट्रिजमधून नफा मिळवण्याचे धोरण स्वीकारले. इतरांची कार्ट्रिजे ओळखून नाकारता यावीत यासाठी कार्ट्रिजवरील इलेक्ट्रॉनिक चिपचाही वापर होऊ लागला. टोनर कार्ट्रिजांच्या पुनर्भरणाबाबतच्या ‘इम्प्रेशन प्रॉडक्ट्स विरुद्ध लेक्समार्क’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये असा निर्णय दिला, की उत्पादकाने वस्तू एकदा विकली की तिच्यावरील त्याचे पेटंट हक्क संपुष्टात येतात.

पानांची मोजणी

रंगीत इंकजेट कार्ट्रिजमधून किती पाने मिळतात, हे आयएसओ/आयईसी २४७११ या मानकानुसार ठरवले जाते. या चाचणीत छपाई सलग केली जाते. घरी मात्र प्रिंटर अधूनमधून वापरला जातो. अशा वेळी शाईची छिद्रे स्वच्छ करण्यातही शाई खर्च होते, त्यामुळे प्रत्यक्षात पाने कमी मिळू शकतात.

बचतीचे उपाय

* कच्च्या प्रतींसाठी ‘ड्राफ्ट’ हा पर्याय निवडल्यास कमी शाई लागते.
* ‘ग्रेस्केल’ निवडूनही काही प्रिंटर रंगीत शाई वापरतात; म्हणून केवळ काळ्या शाईचा स्वतंत्र पर्याय असल्यास तो निवडावा लागतो.
* बारीक रेषांच्या टंकांना कमी शाई लागते. मात्र टंक रुंद असल्यास कागद अधिक लागू शकतो.
* प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद केल्यास शाईची छिद्रे झाकली जातात व शाई वाळत नाही. छपाई चालू असताना थेट वीज तोडल्यास ती उघडी राहू शकतात.
* छिद्रे स्वच्छ करण्यापूर्वी चाचणी पान छापून पाहिल्यास अनावश्यक स्वच्छता टळते.

पुनर्भरण आणि शाईची टाकी

रिकामे कार्ट्रिज पुन्हा भरणे स्वस्त पडते. तथापि ज्या कार्ट्रिजमध्येच छपाईशीर्ष असते, ते पुनःपुन्हा वापरल्याने झिजते. विसंगत प्रकारच्या शाई एकत्र आल्यास छिद्रे बुजू शकतात.

एप्सन कंपनीने २०१० मध्ये इंडोनेशियात मोठ्या टाकीचे प्रिंटर आणले. यांत कार्ट्रिज न बदलता बाटलीतून शाई भरली जाते. यंत्राची किंमत अधिक असली तरी प्रतिपान खर्च बराच कमी असतो. उदाहरणार्थ, असे यंत्र ६,००० रुपयांनी महाग असेल आणि प्रत्येक पानामागे ३ रुपये वाचत असतील, तर २,००० पानांनंतर वाढीव किंमत भरून निघते.

निवड

नियमित व भरपूर छपाई असणाऱ्या कुटुंबांना टाकीचा प्रिंटर किफायतशीर ठरतो. महिन्याकाठी मोजकीच कृष्णधवल पाने लागत असल्यास लेसर प्रिंटर सोयीचा असतो; त्यातील टोनर भुकटीच्या स्वरूपात असल्याने वाळण्याचा प्रश्न उद्भवत नाही. वर्षाला थोडीच पाने लागणाऱ्यांना जवळच्या दुकानातून छापून घेणे अधिक स्वस्त पडू शकते.