टोलनाक्यावरची रांग

'क्लास म्हणजे आराखडा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यावरून बांधलेलं घर.' इंजिनिअरिंगला असताना ही व्याख्या मी चक्क घोकली होती. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "पण हे हवंय कशाला? साध्या फंक्शननी काय बिघडतं?" मी गप्प! प्रोग्रॅमिंग आपल्याला जमणार नाही, असं त्या दिवशी मनाशी पक्कं केलं.

त्या प्रश्नाचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी इतिहासात सापडलं.

१९६० च्या दशकात ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन नीगार्ड आणि ओले-योहान डाल यांना खऱ्या जगातल्या कामकाजाची संगणकावर नक्कल करायची होती. तिथे नुसती आकडेमोड पुरत नाही. अनेक गोष्टी एकाच वेळी चालू असतात आणि प्रत्येकीची माहिती वेगळी, वागणं वेगळं. त्यांच्या चर्चेतलं एक उदाहरण होतं पुलावरच्या टोलनाक्याचं. रांगेत ट्रक आहेत, बस आहेत. ट्रकला माल, बसला प्रवासी. पण रांगेच्या दृष्टीने दोन्ही नुसती वाहनंच! मग 'वाहन' एकदाच लिहावं आणि ट्रक, बस त्यावरून घडवावेत. इनहेरिटन्स म्हणतात ते हेच. यातूनच १९६७ साली 'सिम्युला ६७' ही भाषा आली.

पुढे जीवशास्त्र शिकलेल्या अ‍ॅलन के यांना ऑब्जेक्ट हे एकमेकांना निरोप धाडणाऱ्या पेशींसारखे दिसले. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात त्यांच्या गटाने 'स्मॉलटॉक' घडवली. ब्यार्न स्ट्राउस्ट्रूप यांना केंब्रिजमध्ये सिम्युलातली मांडणी आवडली, पण वेग फारच कमी पडला. म्हणून १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये त्यांनी वेगवान सी भाषेला क्लास जोडायला घेतले. १९८३ मध्ये तिचं नाव सी प्लस प्लस झालं.

डाल आणि नीगार्ड यांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. २००२ मध्ये दोघेही गेले, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने.

असो. आता कोणी नवशिका विचारतो तेव्हा मी व्याख्या सांगत नाही. म्हणतो, "एक टोलनाका डोळ्यासमोर आण. कोण कोण उभं आहे? प्रत्येकाला काय माहीत आहे? प्रत्येकाला काय करता येतं?"

त्या सरांना मात्र हे उत्तर द्यायचं राहूनच गेलं.