घोडबंदरची टेकडीवरील वास्तू

वसईच्या खाडीकाठी वसलेले घोडबंदर हे मीरा-भाईंदर परिसरातील इतिहासप्रसिद्ध गाव. ठाण्याहून वसईकडे जाणारी गलबते येथूनच पुढे जात. येथे घोड्यांचा व्यापार चाले, म्हणून गावास हे नाव पडले असे सांगतात. ज्याच्या ताब्यात घोडबंदर, त्याची खाडीवर नजर. म्हणूनच प्रत्येक राजसत्तेने या टेकडीवर पाय रोवले.

इ.स. १५३४ च्या तहाने वसई प्रांत पोर्तुगीजांकडे गेला. त्यांनी येथे चर्च बांधले व पुढे किल्लाही उभारला. इ.स. १६७५ च्या सुमारास आलेल्या फ्रायर नावाच्या इंग्रज वैद्याने येथील बागा, चर्च व भव्य निवासस्थान यांचे कौतुक केले आहे. त्यापूर्वी १६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने घोडबंदरवर हल्ला केला होता, परंतु तेव्हा यश आले नाही. ते यश १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या साष्टी मोहिमेत आले व टेकडीवर भगवा फडकला.

१७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे जिंकले आणि साष्टी बेट त्यांच्या हाती गेले. इंग्रजांनी जुन्या चर्चची मोडतोड केली नाही. त्याचा बंगला केला. जेथे प्रार्थना होत असे, तेथे जिल्ह्याच्या साहेबाचा मुक्काम पडू लागला. १८६४ साली रेल्वे मुंबईस पोहोचली, वसईची खाडी पुलावरून ओलांडता येऊ लागली आणि भाईंदरला महत्त्व आले. जलमार्गावरच्या घोडबंदरची वर्दळ ओसरली.

या वास्तूचा इतिहास दोन गोष्टी शिकवतो. वापर चालू राहिला म्हणून भिंती तगल्या, हे खरे. परंतु नाव बदलले तसा आधीचा उपयोग विस्मृतीत गेला. लोकांच्या तोंडी ‘बंगला’ राहिला, चर्च राहिले नाही. दगड सांभाळले गेले, आठवण मात्र मागे पडली.

अलीकडच्या काळात मीरा-भाईंदर महानगरपालिकेने घोडबंदर किल्ल्याच्या डागडुजीचे काम हाती घेतले, ही समाधानाची बाब होय. मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्या ग्रामस्थांनीही यातून बोध घ्यावा. नवा कळस चढवताना जुना दगड कोणता, तुळई कोठली, कोणते काम कोणत्या साली झाले, याची नोंद दप्तरी अवश्य ठेवावी. पुढच्या पिढीला वास्तूबरोबर तिची हकिकतही मिळाली पाहिजे.