क्लिपिंग, डिजिटल ध्वनीतील

डिजिटल ध्वनिमुद्रणात ध्वनितरंगाची शिखरे कमाल पातळीवर छाटली गेल्याने येणारी विकृती. सीडीच्या १६ बिट पद्धतीत नमुन्याची किंमत −३२,७६८ ते ३२,७६७ या मर्यादेतच राहते. तरंग त्यापलीकडे गेला की टोके सपाट होतात आणि मूळ आवाजात नसलेले उपस्वर खरखरीच्या रूपाने ऐकू येतात. गाणे इतरांहून मोठे वाजावे म्हणून मास्टरिंगमध्ये पातळी अवाजवी चढवणे हे एक प्रमुख कारण. मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) हा अल्बम याचे गाजलेले उदाहरण आहे.

निदान : आवाज कमी करूनही खरखर राहिली आणि दुसरे गाणे स्वच्छ वाजले, तर दोष बहुधा फाइलमध्येच असतो. संपादन-सॉफ्टवेअरमध्ये सपाट शिखरे दिसतात. इक्वलायझर बंद करताच खरखर थांबली, तर त्याची प्रीअँप पातळी ३ ते ६ डेसिबलने उतरवावी.

केळवे-पालघर परिसरातील वारली समाजाच्या तारप्याचे मुद्रण करताना विशेष दक्षता लागते. भोपळा व बांबूच्या या सुषिर वाद्याचा नाद अखंड आणि मुळातच खरबरीत असल्याने त्यात मिसळलेले क्लिपिंग चटकन ओळखू येत नाही. म्हणून मुद्रणाची शिखरे −१२ डेसिबलच्या आसपास ठेवावीत.

उपाय : डीक्लिपिंग सॉफ्टवेअर छाटलेला भाग अंदाजाने भरते, मूळ ध्वनी परत मिळत नाही. त्यामुळे न छाटलेल्या मूळ मुद्रणावरून पुन्हा मास्टरिंग करणे हाच खरा इलाज.