लम्हेटा घाट ते पाटबाबा : श्रद्धा, विज्ञान आणि ज्ञानाची सीमा

हीरक महोत्सवाच्या या स्मरणिकेत शाळेच्या साठ वर्षांचा इतिहास अनेकांनी आत्मीयतेने लिहिला आहे. मी मात्र आपल्या जबलपूरच्या त्याहून फार जुन्या इतिहासाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छिते. हा इतिहास आपल्या टेकड्यांच्या पोटात आहे, आणि माणसाला किती कळते व किती कळत नाही, याचा उत्तम पाठ त्यात आहे.

ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धीस आलेले कॅप्टन विल्यम स्लीमन यांना १८२८ साली बडा शिमला टेकडीच्या परिसरात काही अश्मीभूत हाडे सापडली. भारतात मिळालेले डायनोसॉरचे हे पहिले अवशेष. गंमत अशी, की 'डायनोसॉर' हा शब्दच तेव्हा अस्तित्वात नव्हता. रिचर्ड ओवेन यांनी तो १८४२ साली घडवला. हाती वस्तू होती, पण तिला नाव नव्हते. ती हाडे कोलकात्यास पोहोचली आणि १८७७ साली रिचर्ड लिडेकर यांनी त्या प्राण्याचे 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असे नामकरण केले. म्हणजे हाड सापडल्यापासून नाव मिळेपर्यंत जवळजवळ अर्धे शतक लोटले.

पण नाव मिळाले म्हणून ज्ञान पूर्ण झाले असे नव्हे. कालांतराने ती हाडे संग्रहातच हरवली. नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे आणि त्यांचे सहकारी यांना ती २०१२ साली कोलकात्यात पुन्हा गवसली. दरम्यान, २००३ साली अभ्यासकांनी असे दाखवून दिले होते, की एवढ्या अवशेषांवरून एक स्वतंत्र जाती निश्चित करता येत नाही. सव्वाशे वर्षे पुस्तकांत असलेले नाव शंकास्पद ठरले.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. चार्ल्स मॅटली यांनी १९१७ ते १९१९ या काळात बडा शिमला येथे उत्खनन केले आणि नर्मदेवरील आपल्या लम्हेटा घाटाच्या नावावरून एका प्राण्याला 'लॅमेटासॉरस' म्हटले. त्यांच्या मते तो चिलखतधारी डायनोसॉर होता. १९३५ साली चक्रवर्ती या भारतीय अभ्यासकाने त्यावर प्रश्न उपस्थित केला. वेगवेगळ्या प्राण्यांची हाडे एकाच्या नावावर जमा झाली आहेत, हे मत पुढे मान्य झाले. राज्य इंग्रजांचे होते, ग्रंथ इंग्रजांचे होते. तरी प्रश्न विचारण्याचा अधिकार पुराव्याने दिला. विज्ञानाचे खरे बळ मला येथे दिसते.

आता श्रद्धेकडे वळू. याच परिसरातील पाटबाबा मंदिराच्या टेकडीवर डायनोसॉरच्या अंड्यांचे जीवाश्म सापडले आहेत. एकाच वाटेने भाविक मारुतीच्या दर्शनास जातो आणि संशोधक हातोडी घेऊन चढतो. दोघांची गाठ पडते, तंटा होत नाही. कारण दोघांचे प्रश्न निराळे आहेत. हा खडक किती वर्षांचा, हे मारुतीला कोणी विचारत नाही. संकटात धीर कोठून आणावा, हे हातोडी सांगू शकत नाही. नर्मदेचा प्रत्येक कंकर शंकर मानणारी आपली आजी आणि त्याच कंकराचे वय मोजणारी तिची नात एका घरात सुखाने नांदू शकतात. तंटा सुरू होतो तो एकाने दुसऱ्याचे उत्तर आपल्या खिशात असल्याचा आव आणला म्हणजे.

हा मोह दोन्ही बाजूंना होतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर नाहीसे झाले. त्याच सुमारास दख्खनमध्ये लाव्हारसाचे थरांवर थर साचले. आपल्या पूर्वजांचे गडकिल्ले ज्या काळ्या पाषाणावर उभे आहेत तो हाच, आणि जबलपुरात तो लम्हेटाच्या थरांवर पसरलेला आहे. मेक्सिकोजवळ एक प्रचंड अशनी कोसळला, त्याचाही पुरावा भक्कम आहे. त्या विनाशात दख्खनच्या ज्वालामुखींचा वाटा किती, यावर मात्र विद्वानांत अद्याप वाद आहे. अशा रिकाम्या जागी कोणी लगेच चमत्कार बसवतो, तर कोणी विज्ञानाने सर्व जाणले असे ठासून सांगतो. दोघेही घाई करतात. रिकामी जागा काही काळ रिकामी ठेवण्यास धैर्य लागते. ईश्वराला अशा फटीत बसवणारी श्रद्धाही अखेर दुबळी ठरते. उद्या फट बुजली, तर तिने जावे कोठे?

शिक्षिका म्हणून मला वाटते, की 'अजून ठाऊक नाही' हे वाक्य वर्गात निःसंकोच उच्चारता आले पाहिजे. गुणांच्या शर्यतीत हे वाक्य हरवत चालले आहे. उत्तरपत्रिकेत त्याला गुण नाहीत, म्हणून मुले ते बोलायला लाजतात आणि पाठ केलेल्या उत्तरालाच ज्ञान समजतात.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना माझी एक विनंती आहे. मुलांना एकदा लम्हेटा घाटावर न्या. नर्मदामैयाला नमस्कार करू द्या, आणि काठावरचे थरही निरखू द्या. ती प्रश्न विचारतील. उत्तर ठाऊक असेल तर सांगा. नसेल तर तेही मोकळेपणाने सांगा आणि दोघे मिळून शोधा. साठ वर्षांच्या शाळेने पुढील पिढीला द्यावा असा याहून मोलाचा वारसा मला दिसत नाही.